शाळिग्रामाचं माहेरपण

तांब्याचं तामण, त्यात चार बोटं पाणी आणि पाण्यात तो. बोरापेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान. पहिल्या वळवानंतर आमच्या रानातली ढेकळं जशी ओली होऊन आतून उजेड धरतात, तसा काळा. आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्याला अंगठ्यानं हळूहळू फिरवतात आणि फिरवता फिरवता त्यांचा अंगठा एका जागी थांबतो. तिथं तीळ मावेल एवढं छिद्र आहे. समई जवळ नेली की त्या छिद्राच्या आत गोगलगाईच्या पाठीवर असतं तसलं वेटोळं दिसतं, आत आत जात अंधारात हरवलेलं. त्याला त्या चक्र म्हणतात. ते चक्र पुसताना त्यांची नजर अशी होते, जशी तान्ह्याचे कान पुसताना बाईची होते.

सासरे होते तोवर या दगडाला शिवायची मुभा त्यांनाच होती. बायकांनी शाळिग्रामाला हात लावायचा नाही, असं या घरात मानत. आत्याबाई फुलं काढून द्यायच्या, गंध उगाळून द्यायच्या, तुळशीची पानं निवडून द्यायच्या आणि चार हात लांब उभ्या राहायच्या. सासरे गेले, तेरावा झाला. त्यानंतरच्या सकाळी मी चहा ठेवत होते, तेव्हा देवघरातून पितळेच्या झाकणाचा आवाज आला. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं संपुष्ट उघडलं होतं. ओंजळीत तो दगड धरून त्या बराच वेळ नुसत्या बसून होत्या. घरात कुणी काही बोललं नाही.

गेल्या चैत्रात एका सकाळी त्याला पुसता पुसता, माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "याला येकदा न्हेऊन आणू या गं, त्याच्या माहेराला."

माहेर म्हणजे गंडकी. नेपाळातली काली गंडकी, धवलगिरी आणि अन्नपूर्णा या दोन आठ हजारी पर्वतांच्या मधल्या खोल घळीतून वाहणारी. सासऱ्यांच्या आजोबांच्या काळी एक बैरागी पंढरीच्या वाटेवर तापानं फणफणला, आमच्या ओसरीवर पडून राहिला, आणि बरा होऊन निघताना झोळीतून हा काढून देऊन गेला, एवढीच या दगडाची आमच्याकडची कथा. खरी असेल, नसेल. मला त्या बैराग्याचे पाय दिसतात. हिमालयापासून भीमेपर्यंत हा दगड ज्यांच्या भरवशावर आला ते पाय, भेगाळलेले, धुळीनं पांढरे झालेले. आणि झोळीच्या तळाशी दर पावलाला मांडीवर आपटणारा हा काळा गोळा, जो एके काळी समुद्राच्या तळाशी जिवंत होता. भूगर्भशास्त्र सांगतं की हिमालय उभा राहण्याआधी तिथं टेथिस नावाचा समुद्र होता. शिंपल्यात राहणारे त्याचे जीव चिखलात निजले, चिखलाचा दगड झाला, आणि भारताची भूमी उत्तरेला जाऊन भिडली तेव्हा तो दगड ढगांच्या उंचीवर गेला. आपण शाळिग्राम म्हणून पुजतो ते अशा जीवांचे ठसे, कोट्यवधी वर्षांचे. पुराणं म्हणतात, वृंदेच्या शापानं विष्णू दगड झाला आणि वज्रकीट नावाच्या किड्यानं त्यात चक्रं कोरली. मी वर्गात मुलांना पहिली गोष्ट सांगते, घरी दुसरी ऐकते, आणि दोन्हींमध्ये एक जीव आहे, एक दगड आहे आणि न मोजता येणारा काळ आहे.

देवाला त्याच्या गावी न्यायचं, हे आत्याबाईंच्या मनात कुठून आलं? त्यांचं माहेर अरण. सावता माळ्याचं गाव. सावतोबा पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले, कांदा-मुळा-भाजीतच त्यांना विठ्ठल दिसला, हे महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पण अरणच्या लेकीला त्याहून जास्त ठाऊक असतं. तिनं लहानपणापासून दर आषाढात बघितलेलं असतं की पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी निघते आणि सावतोबांना भेटायला अरणला येते. आपण न जाता देव येतो. ज्या गावात देव पाहुणा म्हणून येतो तिथल्या पोरीला देवाचं जाणं-येणं लेकीबाळींच्या जाण्या-येण्यासारखं वाटलं, तर त्यात नवल कसलं? "आमच्या अरणला इठ्ठल येतोय दर साली," त्या म्हणाल्या, "मग याला न्यायला काय झालं?"

मी त्या दिवशी नकाशा काढला.

आमच्या करकंबहून कुर्डूवाडी, तिथून रेल्वेनं पुणे, पुण्याहून विमानानं दिल्ली, दिल्लीहून काठमांडू, मग पोखरा. पोखऱ्याहून जोमसोमला दोन वाटा. एक विमानाची, वीसेक मिनिटांची, तीही सकाळचीच, कारण दुपार चढली की त्या घळीतून असा वारा सुटतो की विमानं उडत नाहीत. दुसरी जीपची, बेनी, तातोपानी, घासा, मार्फा करत नदीच्या अंगाअंगानं वर चढणारी. पुढं कागबेनी, आणि शेवटी मुक्तिनाथ, पावणेचार हजार मीटरच्या आसपास. आमचं गाव समुद्रापासून पाचशे मीटरसुद्धा नसेल. ही नावं मी वहीच्या मधल्या पानावर एकाखाली एक लिहिली आणि कितीतरी रात्री, घर निजल्यावर, ती नुसती वाचत बसले. मार्फा. कागबेनी. झारकोट. न पाहिलेल्या गावांच्या नावांना एक चव असते, ती जिभेवर ठेवून मी झोपी जायची.

पुण्याच्या एका प्रवासवाल्यानं भूतानही सुचवलं. तिथं आपल्या माणसाला रात्रीमागं बाराशे रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं, पण देश कसा जपून ठेवलाय, हे तो भरभरून सांगत होता. मला ऐकून हेवा वाटला. पण आत्याबाईंचा प्रश्न एकच होता, तिथं गंडकी आहे का? तो विषय तिथं मिटला.

मग वाटाड्या मिळाला. मुक्तिनाथच्या वाटेवर माणसं नेण्यात अर्धं आयुष्य घालवलेला, पोखऱ्याचा. पहिल्या फोनमध्येच त्यानं आत्याबाईंना 'आमा' म्हटलं. आमा म्हणजे आई, हे सांगावं लागलं नाही. त्याची वेळ आपल्या वेळेच्या पंधरा मिनिटं पुढं चालते. अर्धा तास नाही, तास नाही, पंधरा मिनिटं. आत्याबाईंना ते फार आवडलं. आपल्याकडं दिवेलागणीची वेळ होते तेव्हा त्याच्याकडं दिवा नुकताच लागून गेलेला असतो, एवढंच अंतर. शेजारच्या आळीतल्या माणसाशी असावं, तेवढं.

तो विचारायचा आणि मी उत्तरं द्यायची. वय? एकाहत्तर. गुडघे? दुखतात, पण शेताचा बांध अजून एका दमात चढतात. ब्लडप्रेशर? गोळी चालू आहे. त्यानं दोन मुक्काम वाढवले, एक पोखऱ्यात, एक मार्फ्यात. उंचीला शरीर हळूहळू सरावलं पाहिजे, घाई केली की डोकं धरतं, श्वास अडतो. इथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मुक्तिनाथला शेवटचा चढ पायऱ्यांचा, दम लागला तर घोडं मिळतं. मंदिरामागं एकशे आठ धारा आहेत, बर्फाचंच पाणी, त्याखालून जाणं आमांच्या मनावर. जवळच्याच ज्वालामाईच्या देवळात पाण्यालगत एक ज्योत आपोआप जळते. तिथली पूजाअर्चा बौद्ध भिक्षुणी बघतात, कारण ही जागा दोन्ही धर्मांची आहे, आणि ज्याला आपण विष्णू म्हणतो त्याला त्या अवलोकितेश्वर म्हणून नमस्कार करतात. हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर भिक्षुणीच्या हातातला दिवा आला, आणि तेराव्यानंतरच्या सकाळी संपुष्ट उघडणारे आत्याबाईंचे हात.

तारीख मात्र माझ्या हातात राहिली नाही. ती या छोट्या दगडानं ठरवली. पावसाळ्यात वाटेवर दरडी, म्हणून आश्विन बरा. पण आश्विनात नवरात्र, घट बसले की देव पानावर बसतात, नऊ दिवस हलवता येत नाहीत. दसऱ्याला न्यावं, तर तिकडं दसैं. वाटाड्या म्हणाला, दसैंला आम्ही सगळे आपापल्या गावी जातो, थोरांच्या हातून कपाळाला टिका लावून घेतो, पौर्णिमेला सण सुटतो. ती पौर्णिमा म्हणजे आपली कोजागिरी! आणि पलीकडून कार्तिक येतो, द्वादशीपासून तुळशीची लग्नं, आणि नवरदेव तर हाच. "लग्नाच्या आत माघारी याय पायजे," आत्याबाईंनी बजावलं. असं करता करता कोजागिरी ते दिवाळी या पंधरवड्यात आमचा प्रवास बसला, बाळाला पाळण्यात चार बाजूंनी उशा लावून बसवावं तसा.

या सगळ्या जुळवाजुळवीत मला सारखा आमचा आषाढ आठवत राहिला. एकादशी चार-दोन दिवसांवर आली की करकंब हे गाव राहत नाही, तळ होतो. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी इथून जाते, पैठणहून एकनाथांची जाते. दिंड्यांमागून सामानाचे ट्रक, राहुट्या, पाण्याचे टँकर, विणेकरी, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया, आणि आमच्या अंगणात भाकरीचा धूर. भिशी भरून दिंडीत आलेल्या बाईला उद्याचा मुक्काम कुठं, पाणी कुठं, सावली कुठं, याची काळजी नसते. ती पुढं चालणाऱ्यानं वाहायची. तिनं फक्त चालायचं. वाटाड्यावर विसंबून जाण्याला कुणी कमी लेखलं की मला ती बाई आठवते. आमच्या ओसरीला पाठ टेकून, सुजलेले पाय पसरून, डोळे मिटून बसलेली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो सैलपणा. एकोणीस आषाढ मी तिच्या पायांवर गरम पाणी ओतलंय. आत्याबाईंनी पन्नासच्या वर. आम्ही तळाची माणसं, इतरांच्या वाटेवर दिवा लावून बसलेली. आता दूर कुठंतरी, कागबेनीच्या एखाद्या दगडी घरात, कुणी बाई आमच्यासाठी चुलीवर पाणी ठेवणार आहे. तिचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण ती पाणी हातानं तपासून बघेल, हे मला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट मला त्या भूमीशी बांधते. मुस्तांग पर्जन्यछायेत आहे. अन्नपूर्णेनं ढग अडवले की पलीकडं कोरडं, तांबूस, वाऱ्यानं खरवडलेलं. आम्हीही छायेतलेच. सह्याद्रीनं पाऊस ओरबाडून घेतल्यावर उरलेले पांढरे ढग आमच्या माथ्यावरून जातात, आम्ही माना वर करून ते मोजतो. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, तरी ती मान वर करायची सवय गेली नाही. कागबेनीच्या उत्तरेला परक्या माणसाला वेगळा परवाना लागतो. तो वरचा मुस्तांग 1992 पर्यंत बाहेरच्यांना बंदच होता. आम्ही त्या वेशीवरून माघारी फिरणार. पण तिथल्या शेतकऱ्यानं आभाळाकडं मान वर केली, तर ती मान मला परकी वाटणार नाही.

पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी वाटाड्याचा फोन आला. कुठलीशी मंडळी घेऊन तो कागबेनीत, नदीकाठी उभा होता. वाऱ्यानं त्याचे शब्द तुटत होते. मी फोनचा आवाज मोठा केला. सहाणेवर आत्याबाईंचं खोड थांबलं. शब्दांच्या मधून, मागून, खालून एक आवाज येत होता, गोट्यांवरून जाणाऱ्या पाण्याचा, सलग, जाडसर, जात्याच्या घरघरीसारखा. म्हणतात की ही नदी दोन्ही बाजूंच्या पर्वतांहून जुनी आहे. पर्वत उठत गेले आणि ती कापत गेली.

"पानी दिखता क्या रे बाबा?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांचं हिंदी पंढरीच्या बाजारातलं.

"दिखता है आमा. बिलकुल काला है."

"काळंच आसंल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा गंध उगाळू लागल्या.

कागदपत्रं झाली आहेत. मतदान ओळखपत्र चालतं, व्हिसा लागत नाही. आत्याबाईंच्या ओळखपत्रावरचा फोटो जुना आहे, त्यात सासऱ्यांच्या हयातीतलं मोठं कुंकू आहे. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना वाटाड्या तिकडं काढेल, आपल्याला हजार नेपाळी रुपये. पैसे निम्मे बचत गटाचे, निम्मे माझ्या पगारातले. एवढं पुरे.

काल दुपारी शाळेतून आले तर दार लोटलेलं. वैशाखाचं ऊन अंगणात पांढरं होऊन पडलं होतं, कडुनिंबाखाली कुत्रं जीभ काढून निजलेलं, पत्रा तडतडत होता, पारा बेचाळिसाच्या वर. आत, उंबऱ्याच्या गारव्याला, आत्याबाई बसल्या होत्या. ट्रंकेतून सासऱ्यांचा जुना लोकरी मफलर काढून त्यांनी त्याची एक लहान पिशवी शिवली होती, आणि संपुष्ट त्यात बसतंय का ते बघत होत्या. बसत होतं. नाडी ओढली की वर लोकरीची एक झालर राहत होती. आणि अंगात, त्या उन्हात, मी मागच्या आठवड्यात आणलेला करड्या रंगाचा स्वेटर होता, सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेला. कपाळावर घामाचे थेंब. मी पंख्याकडं धावले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटून घेतले.