कॉमेंट्सना इस्त्री

कपड्यांना इस्त्री करायचा मला भयंकर कंटाळा, पण कोडला करायला मनापासून आवडतं. एकाच फाइलमध्ये कुठे /* वाली कॉमेंट, कुठे // वाली, कुठे वाक्याला पूर्णविराम, कुठे तीन-तीन उद्गारचिन्हं... भिंतीवरचा वाकडा फोटो बघितल्यासारखं होतं. हात शिवशिवतात.

हसू नका. हा रोग एकट्या माझा नाही. २०१६ साली खुद्द लायनस टोरवाल्ड्स यावरून भडकले होते. लिनक्स कर्नलमध्ये कॉमेंट अनेक ओळींची असेल तर पहिल्या ओळीवर नुसतं /* लिहायचं, मजकूर दुसऱ्या ओळीपासून, अशी रीत. नेटवर्किंगवाल्यांची मात्र वेगळी चूल, ते पहिल्याच ओळीवर मजकूर सुरू करायचे. एवढ्याशा फरकावर त्यांनी लांबलचक, खरमरीत पत्र लिहिलं. तरी ती चूल मोडायचं ठरायला २०२३ उजाडलं!

असो. गोष्ट २०२० मधली. आमचा कोड पाण्याच्या पंपाच्या कंट्रोलरचा. सी भाषा, आणि दहा-बारा वर्षांत बऱ्याच जणांचे हात लागलेले. लॉकडाऊनमध्ये घरी बसून एका शनिवार-रविवारात मी सगळ्या कॉमेंट्स एका साच्यात बसवल्या. नियम टीमने आधीच मान्य केलेले होते: खूण एकच, पूर्ण वाक्य, शेवटी पूर्णविराम. खुणा स्क्रिप्टने बदलल्या. अपुरी वाक्यं मात्र मी हाताने पुरी केली.

वर आणखी एक शहाणपणा. एवढ्या ओळी बदलल्यावर गिट ब्लेममध्ये जिथेतिथे माझंच नाव दिसणार, मूळ कोणी लिहिलं ते कळणारच नाही. २०१९ च्या गिट २.२३ पासून असे कमिट ब्लेममधून वगळायची सोय आहे. माझा कमिट मी त्या यादीत टाकला. म्हणजे शब्द माझे, नाव मूळ लिहिणाऱ्याचं. तेव्हा मला हे सभ्यपणाचं वाटलं होतं.

त्या अपुऱ्या वाक्यांत एक होतं, 'फॉल थ्रू'. सीमध्ये स्विचच्या एखाद्या केसच्या शेवटी ब्रेक नसेल तर कोड घसरत पुढच्या केसमध्ये जातो. कधी हे विसरल्यामुळे होतं, कधी मुद्दाम केलेलं असतं. इथे मुद्दाम होतं: पंपात पाणी नसेल तर धोक्याचा दिवा लाव, आणि घसरून पुढच्या केसमध्ये मोटर बंद कर. ते दोन शब्द मला फार गबाळे वाटले. त्यांच्या जागी मी इंग्रजीत एक छान वाक्य लिहिलं, 'मोटर खाली बंद केली आहे' अशा अर्थाचं. पूर्णविरामासकट.

वर्षभराने आम्ही नवीन कंपायलरवर गेलो. असल्या घसरणीवर वॉर्निंग द्यायची सोय जीसीसीमध्ये २०१७ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे. गंमत म्हणजे तिथे 'फॉल थ्रू' अशी कॉमेंट असली की तो गप्प बसतो. हो, कंपायलर चक्क कॉमेंट वाचतो! ते गबाळे शब्द त्याला कळले असते. माझं छान वाक्य कळलं नाही.

वॉर्निंग्ज साफ करायचं काम नुकत्याच लागलेल्या एका मुलाकडे होतं. त्याने माझं वाक्य वाचलं, 'खाली' म्हणजे फाइलमध्ये खाली कुठल्यातरी फंक्शनमध्ये असं समजला, आणि ब्रेक टाकून मोकळा झाला. रिव्ह्यूमध्येही कुणाला खटकलं नाही.

टेस्टिंगच्या मॅडमनी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. दिवा लागला. आता मोटर थांबेलच म्हणून त्या रीडिंग लिहायला बसल्या. सील जळाल्याचा वास आला तेव्हा धावल्या.

मीटिंगमध्ये स्क्रीनवर ब्लेम उघडलं. ब्रेकपुढे त्या मुलाचं नाव, कॉमेंटपुढे कधीच कंपनी सोडून गेलेल्या माणसाचं. मॅनेजर म्हणाले, "अरे, मोटर खाली बंद होते असं लिहिलंय ना? वाचत नाहीस का तू?" तो मान खाली घालून "सॉरी सर" म्हणाला. माझं नाव कुठेच नव्हतं. मीही घेतलं नाही. लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी त्याला कँटीनमध्ये गाठलं, यादीतून माझा कमिट काढला आणि पुन्हा ब्लेम करून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मी तेव्हापासून विचार करतोय, त्या माणसाने असं का लिहिलं असेल." मॅनेजरांना मी सगळं मेलमध्ये लिहिलं, त्याला सीसी करून. उत्तर आलं, 'नोटेड'. त्याच्यापुढे ते काही बोलले का, मी विचारलं नाही.

त्या जागी आता कॉमेंट नाही, कंपायलरचं ॲट्रिब्यूट आहे. लिनक्सवाल्यांनीही २०२० मध्ये असल्या कॉमेंट्स ढिगाने काढून तिथे सरळ 'फॉलथ्रू' हा शब्दच कोडमध्ये आणला. आमचे कॉमेंटचे नियम आहेत तेच आहेत, आणि मला अजूनही पटतात. फक्त शब्दाला हात लावायचा तर कमिट वेगळा, आणि तो त्या यादीत जात नाही.

परवा त्याच मुलाने (मुलगा कसला, आता तीन जणांची टीम बघतो) माझा एक बदल परत पाठवला. शेरा होता, "सर, शब्द बदललाय." मी म्हटलं, छे, नुसती खूण बदलली असेल. उघडून बघितलं. मूळ वाक्यात 'बहुधा' होतं. मी ते उडवलं होतं.