ग्रीन जगवायची, बाकीचं पिवळं होऊ द्यायचं

एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी द्यायचं तर १०,००० लिटर लागतात. कृषी महाविद्यालयात शिकलेला हा हिशेब २०१६ च्या उन्हाळ्यात मी रोज मांडत होतो. पुण्याजवळच्या एका १८ होलच्या गोल्फ मैदानावर गवत आणि पाण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. एप्रिलच्या उन्हात सगळीकडे हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला ५ मिलिमीटर तरी धरावे लागतात. आमचं भिजणारं क्षेत्र ३० हेक्टर. म्हणजे एका रात्रीत १५ लाख लिटर.

त्याच एप्रिलमध्ये दुष्काळामुळे मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, एकेका वाघिणीत साधारण ५०,००० लिटर. माझं गाव लातूर जिल्ह्यातल्याच औसा तालुक्यातलं. आमच्या एका रात्रीच्या पाण्याच्या ३० वाघिणी भरतात, हे एकदा मनात आल्यावर ते काही केल्या जाईना. आमच्या तळ्यातलं पाणी लातूरला पोहोचणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण मैदान पूर्वीसारखं भिजवत राहणं मला पटत नव्हतं. आणि तसं पाणी होतंही कुठे? बोअर अर्ध्या तासात हवा ओढायला लागले होते आणि तळ्याचा तळ दिसत होता. उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, तेव्हा क्लबातही या विषयावर गंभीरपणे बोलणं सुरू झालं.

आमचा मुख्य आधार होता शेजारच्या वसाहतींचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी. पिण्याच्या पाण्यावर आमचा हक्क नाही आणि नसावाच. पण सांडपाण्याचं एक गणित बाहेरून लक्षात येत नाही. पुण्याला तेव्हा दिवसाआड पाणी मिळत होतं. घरात पाणी कमी आलं की मोरीतूनही कमीच जातं, आणि जे जातं त्यात क्षारांचं प्रमाण वाढलेलं असतं. म्हणजे आमच्याकडे येणारं पाणी आटलं आणि जे आलं ते जास्त खारट झालं. पात्यांची टोकं करपली. काळ्या जमिनीत सोडियम साठला की माती घट्ट बसते आणि वरचं पाणी खाली उतरत नाही. त्यावर जिप्सम टाकून भरपूर पाण्याने क्षार धुऊन काढायचे असतात. ते भरपूर पाणी आणायचं कुठून?

शेवटी कोणाला जगवायचं ते ठरवावं लागलं. चेंडू अलगद ढकलून छिद्रात घालतात ती मऊ, गुळगुळीत जागा म्हणजे ग्रीन. आमच्या सगळ्या ग्रीन मिळून जेमतेम १ हेक्टर भरतात. ५ मिलिमीटरच्या हिशेबाने ५०,००० लिटर, म्हणजे एक वाघीण. ग्रीनचं गवत ४ मिलिमीटरवर कापलेलं, त्यामुळे मुळं उथळ. खाली वाळूचा थर, त्यात पाणी टिकत नाही. दोन दिवस दुर्लक्ष झालं तरी ती जाते, आणि नव्याने उभी करायला महिने लागतात. म्हणून ग्रीन आधी, मग टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, आणि उरलं तर झाडांची आळी. मधले लांबरुंद फेअरवे सोडून द्यायचे.

फेअरवे सोडायचे म्हटल्यावर मंडळी घाबरली. मी घाबरलो नव्हतो, कारण ते गवत बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच. आमच्यातले सर्वांत जुने माळीमामा कमिटीच्या सभासदांसमोर म्हणाले, "साहेब, हरळी पाण्यावाचून मरत असती तर आमच्या बापानं शेतात जन्मभर कशाला खणली असती?" पाणी तुटलं की ती वरून वाळते, पण जमिनीखालच्या काड्या जिवंत राहतात. मात्र तिला तुडवायचं नाही. गोल्फच्या गाड्या फेअरवेवरून बंद केल्या, कापणी थांबवली, नत्र पूर्ण बंद केलं. खत दिलं की गवत वाढतं, आणि वाढलं की पाणी मागतं.

ग्रीनवरचे स्प्रिंकलरही बंद करून पहाटे हाताने पाईप धरायला लागलो. स्प्रिंकलर ओल्या आणि कोरड्या जागेवर सारखंच पाणी टाकतो. माणूस बघून टाकतो. वाळूत काही ठिकाणी कणांवर मेणचट थर बसतो आणि पाणी थेंब थेंब होऊन घरंगळून जातं. तिथे टोचे मारून पाणी जिरवावं लागतं. खुरपणीच्या बायकांनी हे काम फार लवकर आत्मसात केलं. पायाखालची जमीन कुठे कडक लागते यावरून त्या कोरडी जागा सांगायच्या. कापणी थांबल्यावर त्यांना घरी बसवायचं घाटत होतं. पाईप धरायला हात हवेत म्हणून मी त्यांना ठेवून घेतलं, आणि त्याचं मला आजही समाधान आहे. खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींचे मात्र हाल झाले. स्पर्धा रद्द झाल्या, खेळणारे कमी झाले, आणि त्यांची कमाई फेरीवरच असते.

एक ज्येष्ठ सभासद रोज विचारायचे, "हे गोल्फचं मैदान आहे की माळरान?" मी त्यांना २००६ ची ब्रिटिश ओपन पाहायला सांगितलं. स्पर्धेचं हॉयलेकचं मैदान त्या वर्षी उन्हाने तपकिरी पडलं होतं. कडक जमिनीवर चेंडू इतका पळत होता की टायगर वुड्सने चार दिवसांत ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, एकदाच वापरला, आणि तो जिंकला. हा खेळ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या वाळूत, आभाळाच्या पाण्यावर वाढला. हिरवा गालिचा त्याला नंतर चिकटला, आणि दूरचित्रवाणीवर तोच सतत दिसत राहिल्याने आपण त्यालाच गोल्फ समजू लागलो. दख्खनच्या पठारावर मे महिन्यात हिरवा फेअरवे मागणं मला अन्यायाचं वाटतं, मग पाणी सांडपाण्याचं का असेना. तेच पाणी बांधकामांना, उद्यानांना, गाड्या धुवायला चालतं.

जून सरता सरता पाऊस आला. आठवड्याभरात फेअरवेवर हिरवे ठिपके उमटले आणि जुलैत तो भरून आला. कोपऱ्यांतले काही तुकडे गेले होते, तिथे हरळीच्या काड्या पुरल्या. तळं भरलं तसं कमिटीत सगळं पूर्ववत करायचा आग्रह सुरू झाला. मी नकाशा घेऊन बसलो. फेअरवेच्या दोन्ही कडांचा उंच गवताचा पट्टा, म्हणजे रफ, आणि टीपासून फेअरवेपर्यंतची जागा कायमची कोरडी ठेवायची, असा माझा प्रस्ताव होता. बरीच वादावादी होऊन रफचं मान्य झालं, टीपुढच्या जागेचं अडलं. दिवाळीनंतर आम्ही रफमधले स्प्रिंकलर उपटले, तोट्या बंद केल्या आणि ते सुट्या भागांसाठी गोदामात ठेवले. टीपुढच्या जागेचा प्रस्ताव मी दर मार्चच्या बैठकीत पुन्हा मांडतो.