देवगडच्या बंदरांत

बालाघाटावरील उदगिरास जन्म गेलेल्या आम्हांस वादळ म्हणजे ओसरीवर बसून पाहावयाची गोष्ट. डिसेंबर २०१७ च्या आरंभीं, 'ओखी' वादळाच्या वेळीं, आम्ही देवगडास होतों. तेथील बंदर जमिनीच्या कुशींत शिरलेलें. म्हणून केरळच्या ६६ व तमिळनाडूच्या २ नौका ९५२ मच्छीमारांसह आश्रयास आल्या. एकेका नौकेवर सरासरीनें चौदा माणसें! तेथेंच चूल, तेथेंच अंथरूण. दर्या निवेपर्यंत वाट पाहावयाची. आमचें संस्कृत व त्यांचें मल्याळम यांत 'समुद्र' एवढाच शब्द जुळला. एका तरुणानें फोन पुढें केला. त्यावर दुसऱ्याच एका नौकेचें चित्र होतें. आम्ही धक्काभर हिंडून पाहिलें; ती नौका तेथें नव्हती.