बाटलीतला ऊस

प्रिय वसू,

तुझ्या तेलाच्या बाटलीचा फोटो पाहिला. ‘उसापासून बनवलेलं स्क्वालेन’! उसाचा आणि गालाला लावायच्या तेलाचा संबंध काय, असं तू विचारतेस. संबंध आहे गं, पण मध्ये यीस्ट आहे. तेच, पाव फुगवणारं आणि आपल्याकडे मळीतून अल्कोहोल काढणारं.

यीस्टला स्वतःच्या पेशीच्या आवरणासाठी एर्गोस्टेरॉल लागतं. साखरेपासून ते करताना वाटेत पंधरा कार्बनचा एक रेणू तयार होतो. बर्कलीच्या जे कीसलिंग यांच्या गटाने त्याची पुढची वाट आवळली आणि वनस्पतीचं जनुक घालून रेणू भलतीकडे वळवला. 2006 मध्ये त्यातून मलेरियाच्या औषधाचा कच्चा माल निघाला. पुढे दुसरं जनुक घातलं आणि फार्नेसीन निघालं. हिरव्या सफरचंदाच्या सालीच्या वासात असतं ना, त्याचंच भावंड.

क्रिस्पर, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र, आलं ते नंतर. यीस्टची एक खोड मला फार आवडते: डीएनए तुटला की जुळणारा तुकडा शोधून ते त्याबरहुकूम सांधतं. त्यामुळे जनुकं आधीही घालता यायची, पण बहुधा एकेक करून, आणि दर वेळी खुणेचं एक जास्तीचं जनुक चिकटवून. आता क्रिस्परची कात्री, म्हणजे कास9 हे प्रथिन, नेमक्या जागी कापतं, आपण तुकडा पुरवायचा, शिवणकाम यीस्ट करतं. एका दमात चार-पाच ठिकाणीसुद्धा.

फार्नेसीनला हायड्रोजन जोडला की डिझेलसारखं इंधन होतं. कीसलिंग यांच्या अमायरिस कंपनीने त्यासाठी ब्राझीलमध्ये, ब्रोटासच्या ऊसपट्ट्यात, कारखाना टाकला. 2014 मध्ये विमानाच्या इंधनात ते 10 टक्क्यांपर्यंत मिसळायला मान्यताही मिळाली. दोन-दोन लाख लिटरच्या टाक्यांत लिटरमागे 130 ग्रॅमहून जास्त फार्नेसीन काढून दाखवलं त्यांनी. म्हणजे यीस्टने कामात कसूर केली नाही.

घोडं अडलं ते हिशेबात. मूळ मार्गाने चार किलो साखरेतून फार तर किलोभर फार्नेसीन मिळतं. साखर चाळीस रुपये किलो धर. नुसत्या साखरेचेच एकशे साठ झाले, आणि पंपावर डिझेल लिटरला नव्वदच्या आसपास! साखरेऐवजी उसाचा रस वापरला तरी फरक भरून निघणं कठीण. इथेनॉलचं तसं नाही, साखरेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं ते हाती येतं. म्हणून आपल्या कारखान्यांनी तूर्त इथेनॉलच गाळावं, असं माझं स्पष्ट मत.

मग यीस्ट वळलं महागड्या मालाकडे. फार्नेसीनचे दोन रेणू जोडून हायड्रोजन दिला की तुझं स्क्वालेन. पूर्वी त्यासाठी शार्कची यकृतं काढायचे, तेव्हा हा बदल मला मनापासून पटतो. पचौलीच्या जातीचा वास असलेलं क्लिअरवुडही फर्मेनिश या सुगंध बनवणाऱ्या कंपनीने 2014 मध्ये असंच यीस्टकडून करून बाजारात आणलं. अत्तरवाल्याला थेंबाचे पैसे मिळतात, पंपवाल्याला लिटरचे. तरीही अमायरिसने स्वतःच्या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रँडांवर इतका पैसा ओतला की ऑगस्ट 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी आली. यीस्ट बिचारं तेव्हाही टाकीत इमानाने काम करतच होतं!

तेल खुशाल लाव. फक्त पुढच्या पत्रात बाटलीची किंमत आणि मिलिलिटर कळव. किलोला काय भाव पडतो ते मला काढून बघायचंय.

तुझी,
नीला