तरोट्याची कॉफी

पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे रात्री नऊच्या मीटिंगआधी घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री दोन वाजताही अंगात जागं असतं. हा हिशोब मी वाचला तेव्हा रात्रीचे दोनच वाजले होते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कंपनी पुण्याची, क्लायंट अमेरिकेतला आणि मी गोंदियात, आईबाबांच्या घरी. क्लायंटची सकाळ म्हणजे आमची रात्र. त्यामुळे एक कॉफी सकाळी, दुसरी संध्याकाळी सहाला, तिसरी नऊला. झोप तीनला, अलार्म आठचा. झोप अपुरी म्हणून पुन्हा कॉफी. दीड वर्ष असं चाललं आणि मग पलंगावर आडवं झालं की छाती धडधडायला लागली. डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो नीट आला. मग त्यांनी विचारलं, "दिवसाला कॉफी किती?"

सकाळची कॉफी मला आवडते, ती सोडायचा प्रश्न नव्हता. बाकीच्या दोन कपांचं काय करायचं, एवढंच ठरवायचं होतं.

आपण जागे असतो तसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. त्याच्यासाठी ठरलेल्या खुर्च्या असतात. त्या खुर्च्यांवर ते जाऊन बसलं की आपल्याला झोप येते. कॅफिन येतं आणि त्याच खुर्च्या अडवून बसतं. थकवा तिथेच असतो, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. रोज कॉफी पिणाऱ्याचा मेंदू हळूहळू खुर्च्या वाढवतो. मग एक दिवस कॉफी बंद केली की सगळ्या खुर्च्या एकदम भरतात आणि डोकं दुखायला लागतं. ते साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी जास्तीत जास्त दुखतं आणि ९ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतं. मी सकाळची कॉफी चालू ठेवली होती, तरी दोन दिवस कपाळ ठणकलं. चौथ्या दिवशी थांबलं.

डोकेदुखी गेली, पण रात्री नऊ वाजता हातात काहीतरी गरम हवं होतं. मी ऑनलाइन चार पाकिटं मागवली. चारींवर फुलांची सुंदर चित्रं होती आणि मोठ्या अक्षरात एक शब्द होता, 'हर्बल'.

पहिलं पाकीट जाईच्या फुलांचं. मागचं बारीक छापलेलं वाचलं तर आत ग्रीन टीच होता, फुलांचा फक्त वास दिलेला. चहाच्या पानात कॅफिन असतंच, मग पान हिरवं असो की काळं. ते पाकीट सकाळच्या फळीवर गेलं.

दुसरं कॅमोमाइलचं. शेवंतीच्या कुळातली ही बारीक पांढरी फुलं. तिचं ग्रीक नाव 'जमिनीवरचं सफरचंद' अशा अर्थाचं आहे. मला मात्र त्यात तणसाच्या ढिगावर पाऊस पडून गेल्यावर येतो तो वास आला. हा वास वाईट नाही. गोंदिया धानाचा जिल्हा आहे, त्या वासात आम्ही लहानाचे मोठे झालो. पण कामाच्या मध्ये तो प्यावासा वाटत नाही.

तिसरं निळं. परदेशी वाटेल असं नाव छापलेलं ते फूल म्हणजे आपलं गोकर्ण. गरम पाण्यात टाकलं की पाणी शाईसारखं निळं होतं, लिंबू पिळलं की जांभळं. फुलातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याची ही करामत. आम्ल मिळालं की ते रंग बदलतं, शाळेतल्या लिटमस कागदासारखं. माझ्या पाच वर्षांच्या भाच्याने हा खेळ सात वेळा करायला लावला. चव जवळजवळ नाहीच. आणि हेच फूल आमच्या मागच्या कुंपणावर रोज सकाळी उमलतं.

चौथं हिबिस्कस, लालभडक आणि आंबट. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर अंबाडी!" खरंच होती. देवाला वाहतो ती जास्वंद वेगळी. चहासाठी विकतात ती लाल अंबाडीची बोंडं, म्हणजे फुलाखालचे मांसल लाल दल. आपण तिच्या पानांची भाजी करतो, बोंडांची चटणी करतो. इजिप्त आणि सुदानमध्ये त्याच बोंडांचं 'करकदे' नावाचं पेय घरोघरी करतात. बाबांनाही कप हवा होता, पण त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. अंबाडीच्या या काढ्याने रक्तदाब थोडा उतरतो असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. गोळीही तेच काम करते. म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत बाबांचा कप थांबला.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की 'हर्बल' हा शब्द काहीच सांगत नाही. एका पाकिटात कॅफिन, एकात नुसता रंग, एकात रक्तदाबावर परिणाम करणारं औषधासारखं काही. चारींवर शब्द मात्र एकच.

फुलांचाच चहा करायचा तर आमच्या जिल्ह्यात पहिला मान मोहाचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे उजाडायच्या आधी बायका टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात साधारण निम्मी साखर असते. त्या साखरेमुळेच दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्यात या फुलाचं नाव आहे. ते गोळा करणं, नेणं, विकणं यांवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. मी मूठभर वाळलेला मोह उकळून पाहिला. मनुकांच्या पाण्यासारखं गोड पेय झालं. आईला आवडलं. पण रात्री नऊला मला साखर नको होती.

मग मला नेमकं काय हवं होतं? चार फुलं आणि एक मोह झाल्यावर उत्तर सापडलं. मला भाजलेलं, कडू काहीतरी हवं होतं.

कॉफीचं कच्चं बी हिरवट असतं आणि त्याला गवतासारखा वास येतो. आपण ज्याला कॉफीचा वास म्हणतो तो भट्टीत तयार होतो, २०० अंशांच्या आसपास, साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडून. म्हणून जगात जिथे जिथे कॉफीची टंचाई झाली तिथे लोकांनी फुलं उकळली नाहीत, काहीतरी भाजलं. १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्लंडच्या व्यापाराची कोंडी केली, त्यात फ्रान्सचीच कॉफी आटली आणि चिकोरीचं मूळ भाजून घातलेली कॉफी घराघरांत गेली. आपल्याकडे ती टंचाई संपली तरी राहिली आहे. भारतातल्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, बाकी चिकोरी चालते. मी स्वयंपाकघरातलं पाकीट उलटं करून पाहिलं. कॉफी ५३, चिकोरी ४७. माझ्या आवडत्या कपात जवळजवळ निम्मं एक मूळच होतं.

हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भाजूनच प्यायचं आहे तर तरोटा भाज. आमच्या गावात म्हातारी माणसं प्यायची म्हणे. मी काही प्यायले नाही कधी."

तरोटा म्हणजे कोकणातला टाकळा. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला, धुऱ्यावर, पडीक जागेत, कुणी न लावता उगवणारं तण. कोवळ्या पानांची भाजी आम्ही आषाढात एकदा तरी खातोच. रात्री त्याची पानं मिटतात. भाजीचे दिवस संपले की त्याच्याकडे कुणी बघत नाही. धान कापणीच्या सुमारास लांब बारीक शेंगा वाळतात, तेव्हा बायका त्या तोडून, काठीने झोडून, पाखडून बी काढतात आणि आठवडी बाजारात व्यापाऱ्याला विकतात.

पुढे त्या बियांचं काय होतं हे गावात फारसं कुणी विचारत नाही. बियांपासून कॅसिया गम नावाचा डिंक काढतात. अन्नपदार्थांच्या यादीत त्याचा क्रमांक ई ४२७. कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्यातली जेली घट्ट करायला तो वापरतात. आणि चीन, कोरिया, जपानमध्ये हीच बी, किंवा तिच्या सख्ख्या बहिणीची बी, भाजून चहासारखी उकळून पितात. चिनी नावाचा अर्थ साधारण 'नजर स्वच्छ करणारं बी'. नजरेचं राहू दे, पण त्यात कॅफिन नाही आणि ते भाजलेलं असतं. मला या दोनच गोष्टी हव्या होत्या.

शेजारच्या काकूंकडून मी दोन किलो बी घेतलं. भाजायला बसणार तेवढ्यात त्यांनी परात पुढे ओढली. "आधी निवडून घे. कासविंदा आला असेल तर?"

कासविंदा तरोट्याचाच भाऊबंद, तसाच रस्त्याकडेला उगवणारा. काही जण त्याला रानटाकळा म्हणतात, म्हणजे नावातच घोळ. पश्चिम उत्तर प्रदेशात सहारनपूरच्या आसपास कित्येक वर्षं थंडीच्या दिवसांत लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती. मेंदूज्वर म्हणून त्यावर उपचार व्हायचे. डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की बहुधा त्यामागे कासविंद्याच्या शेंगा होत्या. मुलं खेळता खेळता त्यातलं बी खात होती. त्याने यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम निकामी होत होते. गंमत अशी की जपानमध्ये 'हाबु-चा' नावाचा चहा पूर्वी याच कासविंद्याच्या बियांचा व्हायचा. आता तो तरोट्याच्या बहिणीच्या बियांचा करतात, नाव तेच ठेवून.

तो पाच वर्षांचा भाचा शेजारी बसून बियांच्या ढिगात बोटं फिरवत होता. त्याला उठवलं. मग काकू आणि मी दीड तास परात निवडत बसलो. तरोट्याचं बी लांबट, दोन्ही टोकांना तिरकं कापल्यासारखं आणि चकचकीत. कासविंद्याचं चपटं, गोलसर, मळकट. झाड उभं असेल तर ओळखणं आणखी सोपं. तरोट्याच्या पानात गोल टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या, शेंग बारीक आणि वाकलेली. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार आणि जास्त, शेंग रुंद आणि चपटी. काकूंनी शाळा चौथीनंतर सोडली. माझ्या चार पाकिटांपैकी एकावरही यातलं एक वाक्य नव्हतं.

निवडलेलं बी लोखंडी कढईत मंद आचेवर भाजलं. आधी नुसती धूळ भाजल्याचा वास येतो. मग बी तडतडतं, रंग गडद होतो आणि अचानक स्वयंपाकघर कॉफीच्या वासाने भरतं. त्यापुढे अर्धा मिनिट जास्त गेला की करपतं. गार करून जाडसर दळलं. कपाला एक चमचा, पाच मिनिटं उकळून गाळायचं.

चव? कॉफी नाही. जव भाजून उकळल्यासारखी, मागाहून थोडी कडू, थोडी मातकट. दुधात बरी लागते, काळी जास्त बरी. विदर्भात खरी कॉफी पिकते ती एका चिखलदऱ्याला, तिची सर याला नाही. पण रात्री नऊ वाजता कप हातात घेतला की मेंदू फार तपासत नाही. वास भाजका आहे, चव कडू आहे, कप गरम आहे, एवढ्यावर तो मानतो. आणि साडेबाराला झोप येते.

एकच कप, हे मी ठरवून घेतलं आहे. तरोट्याच्या बियांत पोट साफ करणारी द्रव्यं असतात. भाजल्यावर ती कमी होतात, नाहीशी होत नाहीत. गरोदर बहिणीला मी दिली नाही, भाच्यालाही नाही. त्याला गोकर्ण आहेच, पाहिजे तेवढं.

छातीची धडधड गेली. कशामुळे गेली, कॉफी कमी केल्याने की झोप वाढल्याने, हे सुटं करून सांगता येणार नाही. पण आता कुणी कप पुढे करून 'हर्बल आहे, घे' म्हटलं की मी झाडाचं नाव विचारते. मग कोणता भाग, कच्चा की भाजलेला, आणि निवडला कुणी.

यंदाही कापणीनंतर काकूंनी माझ्यासाठी पाच किलो बी वेगळं ठेवलं. व्यापारी देतो त्याच्या दुप्पट भाव मी दिला, तरी तो कॅमोमाइलच्या एका पाकिटाच्या जवळही जात नाही. पैसे पदराला बांधता बांधता त्या आईला हसून म्हणाल्या, "तुमची पोरगी इंजिनिअर होऊन तण विकत घेऊन राहिली." मग परात घेऊन खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "ये, निवडू."