हिरव्या पट्ट्यातला भाचा

या शनिवारी कोडबिड काही नाही. भाच्याबद्दल लिहितोय.

गेल्या महिन्यात हैदराबादहून रात्रीची बस पकडून घरी, पांढरकवड्याला गेलो. ताईचं सासर गावातच, शाळेत जाताना ती बाळाला आईकडे सोडते. सात महिन्यांचं पिल्लू मला बघून हसलं, पण उचललं तर हाताला हलकं लागलं. दोन महिन्यांत तीनदा जुलाब झाले होते म्हणे. आजीचं निदान तयार, "दात येऊन राह्यले त्याले, दुसरं काई नाई."

अंगणवाडीचं कार्ड काढलं. पाचव्या महिन्यात ७ किलो, सहाव्यात ७, सातव्यात ६.८. ताई म्हणाली, "अरे, हिरव्या पट्ट्यात आहे ना!" होता खरा. पण या वयात महिन्याला साधारण ३००-४०० ग्रॅम वाढायला हवेत. सर्व्हरचा ग्राफ असा वळला तर आम्ही अलार्म वाजायची वाट बघत नाही. इथे मात्र कार्डाचे तिन्ही फोटो फॅमिली ग्रुपवर आले होते, आणि मी तिन्हींवर अंगठा दाखवून मोकळा झालो होतो.

मग नेहमीचा प्रश्न: बदललं काय? रजा संपत आली म्हणून पाचव्या महिन्यात बाटली लावली होती. ती कितीही धुवा, बुचात दूध अडकतंच. शिवाय प्रत्येक जुलाबात "पोटाला आराम" म्हणून खाणं बंद. म्हणजे जुलाब, उपास, वजन कमी, ताकद कमी, पुन्हा जुलाब. चक्क इन्फिनिट लूप!

डॉक्टरांनी दहा मिनिटांत लूप तोडला. बाटली बंद, वाटी-चमचा सुरू. अंगावरचं दूध चालूच. जुलाबातही खाऊ घालायचं, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त. वरण-भात घट्ट, वर तेल-तूप. झिंक पूर्ण १४ दिवस, जुलाब आधी थांबले तरी. बाळ सुस्त झालं, डोळे खोल गेले, शी-तून रक्त आलं तर थेट दवाखाना.

ओआरएसही आम्ही चुकवत होतो. आई अंदाजाने चमचाभर पावडर ग्लासात टाकायची. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच हवं, कारण त्यात प्रमाणालाच महत्त्व. आतड्यात साखर मिठाला आत घेऊन जाते आणि मिठामागे पाणी जातं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी ड्रमांतून वाटून हजारो जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

काल ताईचा फोटो आला. ७.२ किलो. या वेळी अंगठा न दाखवता फोन केला.

तुमच्या घरात असं कार्ड असेल तर आजच काढा. रंग नंतर बघा, आधी रेषा कुठे चाललीये ते बघा.