चावी कुणाच्या खिशात?

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे. दर ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, आम्ही सगळे उजवा हात पुढे करून शपथ घेतो. प्लांट हेडपासून कंत्राटी हेल्परपर्यंत शपथ एकच. बाकी काहीच एक नसतं.

डिप्लोमाला आम्ही १९४८चा कारखाना कायदा शिकलो. त्यात जबाबदारीची सुरुवात वरून होती. कंपनीचा ‘ऑक्युपायर’ म्हणजे संचालक. यंत्रं सुरक्षित ठेवणं, प्रशिक्षण देणं ही त्याची जबाबदारी. हजार कामगार झाले की सेफ्टी ऑफिसर नेमायचा. कामगारानेही सुरक्षेच्या साधनाशी जाणूनबुजून छेडछाड करायची नाही. भोपाळनंतर, १९८७च्या दुरुस्तीत, सुरक्षा अपुरी वाटली तर थेट कारखाना निरीक्षकाकडे जायचा हक्कही त्याला मिळाला. सहा महिन्यांच्या कंत्राटावरचा पोरगा तो कसा वापरणार, हे परीक्षेत कुणी विचारलं नाही.

आमच्या प्रेसच्या तोंडाशी लाइट कर्टन असतो. हात आत गेला की किरण अडतो, प्रेस थांबते. तो बिघडला की प्रेस उगाचच थांबत राहते, टार्गेट रखडतं. मग वरून फोन येतो, “आजच्या दिवस बायपास करा.” हे कधीच लेखी येत नाही. बोटं गेल्यावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ मात्र व्यवस्थित टाइप होतो. मी हल्ली एवढंच म्हणतो, “साहेब, तेवढा मेल टाका ना.” मेल येत नाही. बायपासही होत नाही. (माझं अप्रेझलही फारसं होत नाही, ते सोडा.)

पण एक गोष्ट मला मनापासून आवडते, मेंटेनन्सचं कुलूप. मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप, आपल्या नावाचा टॅग लावायचा आणि चावी आपल्याच खिशात. तिघं काम करत असतील तर तीन कुलपं. तिन्ही निघेपर्यंत यंत्र सुरू होत नाही, मग हुद्दा कुणाचा का असेना.

मागच्या पावसाळ्यात डिस्पॅच अडकला, तेव्हा प्लांट हेड स्वतः खाली आले. फिटरकाका प्रेसच्या आत होते.

“काका, किती वेळ?”

“पंधरा मिनिटं, साहेब.”

साहेब घड्याळ बघत उभे राहिले. पंधराची बावीस झाली. काका बाहेर आले, हात पुसले, पाने मोजून पेटीत ठेवले आणि मग खिशातून चावी काढली.